‘लाईन’ : महागावच्या बोलण्यावर एक भाष्य

भाष्याला आधी सूत्र लागते. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात बांधावर, पानठेल्यावर, कापसाच्या खरेदी केंद्रावर जी वाक्ये रोज कानी पडतात, तीच इथे सूत्रे म्हणून घेतली आहेत. त्या वाक्यांतून एक इंग्रजी शब्द फिरतो : लाईन. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे की घडा हवा असला तर माणूस कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द हवे म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही. महागावचा शेतकरीही या शब्दासाठी कोणाच्या दारी गेला नाही. तारा, रूळ आणि सरकारी कागद यांच्या वाटेने शब्द त्याच्याकडे आला, आणि त्याने त्याला आपले लिंग, आपले प्रत्यय आणि आपले अर्थ दिले. ते अर्थ मला फार महत्त्वाचे वाटतात.

सूत्रांकडे वळण्याआधी शब्दाचे कूळ सांगतो. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडातल्या तंतूंचा दोरा तो ‘लिनिया’, आणि त्यावरून इंग्रजीतली लाईन. लिनन हे कापड त्याच घराण्यातले, जवसाच्या बियांचे इंग्रजी नावही त्याच घराण्यातले. विदर्भात जवस पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो, पण तेलासाठी आणि चटणीसाठी. त्याचा दोरा आपण वळला नाही. आपला दोरा कापसाचा. तरी आपल्याकडेही विचार दोऱ्यावरूनच पुढे गेला : सूत्र म्हणजे सूत. ज्याच्यावर भाष्य करायचे ते सूत्र आणि ज्या शब्दाचे भाष्य करायचे ती लाईन, दोघांच्या मुळाशी सूतच आहे.

“लाईन आली काय गा?”

‘गा’ हे वऱ्हाडी संबोधन बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या पुरुषासाठी. त्यात सलगी आहे आणि मानही आहे. ‘काय’ हा प्रश्नार्थक शेवटाकडे. ‘आली’ हे क्रियापद स्त्रीलिंगी. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. मराठीत तो आला तेव्हा ओळ, रांग आणि वीज या तीन स्त्रीलिंगी शब्दांच्या पंगतीत जाऊन बसला. म्हणून लाईन येते, लाईन जाते, अनेकवचनात लाइनी होतात, आणि वऱ्हाडीतला ‘ले’ प्रत्यय लागला की ‘लाईनीले’ असे अस्सल देशी रूप तयार होते. ज्या शब्दाचे सामान्यरूप होते तो शब्द परका उरत नाही, असे माझे मत आहे.

इथे लाईन म्हणजे वीजपुरवठा. ‘वीज’ हा शब्द असताना लाईन का लागली, हा या सूत्रातला खरा प्रश्न. उत्तर बोलीतच आहे. शेतात ‘ईज’ म्हणतात ती आभाळातून पडते, बैल मारते, झाड जाळते. मोटर चालवणाऱ्या शक्तीला तेच नाव दिले असते तर पावसाळ्यातल्या प्रत्येक वाक्यात घोळ झाला असता. मग तिच्याभोवती चार शब्दांनी कामे वाटून घेतली. ‘तार तुटली’ म्हणजे खांबावरून जाणारी धातूची तार तुटली. ‘करंट लागला’ म्हणजे अंगाला झटका बसला. ‘लाईट लावा’ म्हणजे घरातला दिवा लावा. आणि ‘लाईन आली’ म्हणजे पुरवठा सुरू झाला, आता मोटर चालेल. शहरातला माणूस हे सगळे एका ‘लाईट’मध्ये भागवतो : दिवा गेला तरी लाईट गेली, पुरवठा गेला तरी लाईटच गेली. शेतकऱ्याला तसे चालत नाही. त्याच्याकडे लाईन असूनही दिवा नसेल, दिवा असूनही लाईन नसेल. एका फेजवर घरातला बल्ब लागतो, पण तीन फेज आल्याशिवाय मोटर पाणी उचलत नाही. एवढा बारीक भेद बोलीने केला तो गरजेपोटी.

महावितरण या वीज कंपनीच्या कागदांत या वस्तूला ‘वाहिनी’ म्हणतात : उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी. शब्द सुरेख आहे. पण ‘वाहिनी आली काय गा?’ असे कोणी कोणाला विचारत नाही. ट्रान्सफॉर्मरला ‘रोहित्र’ हा असाच सुरेख शब्द घडवला; गाव त्याला डीपी म्हणते.

“या हप्त्यात रातची लाईन हाये.”

हप्ता म्हणजे आठवडा. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीने मिळते : दिवसाची पाळी असेल तर आठ तास, रात्रीची असेल तर दहा तास. म्हणून ‘दिवसाची लाईन’ आणि ‘रातची लाईन’ अशी विशेषणे शब्दाला कायमची चिकटली. रात्री दोन तास जास्त मिळतात. त्या दोन तासांच्या बदल्यात काय द्यावे लागते ते रब्बीत हरभरा किंवा गहू ओलायला गेलेल्यालाच कळते. विदर्भात सिंचनाला ओलित म्हणतात. पौषातल्या थंडीत, चिखलात उघड्या पायांनी, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडे घेऊन बारे फोडत जायचे. पायाखाली साप, पिकात रानडुकरे आणि रोही. मध्येच लाईन गेली तर पाणी जिथे थांबले तिथेच उभे राहायचे, कारण घरी गेल्यावर ती आली तर पाळी वाया जाते.

ही लाईन दिवसा मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलही राज्य सरकार भरते. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण ‘रातची लाईन’ हे शब्द जोपर्यंत महागावच्या हिवाळ्यात ऐकू येतात तोपर्यंत काम झाले असे मी म्हणणार नाही.

“लाईनमन खंब्यावर हाये, डीपी चालू करू नोका.”

सूत्र लहान, भाष्यही लहानच. लाईनमन हा समास इंग्रजीतून अख्खाच उचलला. महावितरणने त्याला ‘जनमित्र’ असे नाव दिले; ते नेमप्लेटवर राहिले. २०२१ पासून देशात ४ मार्च हा लाईनमन दिवस म्हणून पाळतात, तो योग्यच आहे. या एका वाक्यात ‘नोका’ हे आदरार्थी आज्ञार्थी रूप आहे, आणि ते ऐकले न ऐकले यावर वर चढलेल्या माणसाचा जीव असतो.

“त्याहीची लाईन कापली.”

‘त्याहीची’ म्हणजे त्यांची. ‘कापली’ हा कर्मणी प्रयोग, आणि वाक्यात कर्ता नाही. पहिल्या सूत्रात लाईन स्वतः येत होती, स्वतः जात होती. तीच कर्त्री होती. ती गेली तरी तासाभराने येईल, उद्या येईल, अशी सोय ‘गेली’ या क्रियापदात असते. ‘कापली’मध्ये ती सोय नाही. कोणीतरी येऊन ती तोडली, आणि जोपर्यंत थकलेले बिल भरले जात नाही तोपर्यंत ती जोडली जाणार नाही. पण तोडणारा वाक्यात सापडत नाही. लाईनमन म्हणतो मला वरून आदेश आहे. वरचा म्हणतो नियम आहे. व्याकरणाने कर्ता गाळला तो उगाच नाही. ज्या घरावर हे वाक्य येते त्या घराला कर्ता खरोखरच दिसत नसतो.

महागाव तालुक्यात या वाक्याचे भाष्य करताना चिलगव्हाणचे नाव घ्यावेच लागते. चिलगव्हाणचे साहेबराव करपे हे गावाचे सरपंच राहिलेले, संगीताची आवड असलेले, बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळच्या पवनार परिसरात, दत्तपूर येथे, त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रात सार्वजनिकरीत्या नोंदली गेलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ओळखली जाते. शेती करून जगणे अशक्य झाले आहे अशा आशयाची चिठ्ठी त्यांनी मागे ठेवली. त्या घटनेबद्दल जे सांगितले जाते त्यात एक तपशील नेहमी येतो : थकलेल्या बिलापोटी त्यांची वीज तोडली गेली होती आणि उभा गहू वाळला होता.

या तपशिलाचा अर्थ शेतीच्या हिशेबाने लावला पाहिजे. आपल्याकडे गहू नोव्हेंबरात पेरतात. मुकुटमुळे फुटण्यापासून दाणा भरेपर्यंत त्याला पाच-सहा पाणी लागतात. कोरडवाहू कपाशी पावसावर सोडता येते, कारण पावसाशी झालेला तो जुना करार आहे. ओलिताचा गहू मात्र लाईनीच्या भरवशावरच पेरलेला असतो. विहिरीत पाणी आहे, मोटर आहे, पाईप आहेत, पीक उभे आहे. फक्त लाईन नाही. दुष्काळात माणूस आभाळाकडे बघतो आणि आपल्याबरोबर सगळे गाव बघते आहे एवढा तरी त्याला धीर असतो. कापलेल्या लाईनीखाली वाळणारे शेत एकट्याचे असते, शेजारचे हिरवे दिसत असताना. एवढी मोठी शोकांतिका एकाच कारणावर बेतली असे कोणी म्हणू नये. कर्ज होते, भाव नव्हता, वर्षे साचत गेली होती. पण ‘कापली’ हे एक क्रियापद त्या साचण्यात काय भर घालते, ते या शब्दाचा अभ्यास करणाऱ्याने तरी नजरेआड करू नये.

२०१७ पासून अमर हबीब आणि त्यांच्या किसानपुत्र आंदोलनाच्या पुढाकाराने दरवर्षी १९ मार्चला अनेक ठिकाणी लोक अन्नत्याग करतात, आणि त्या दिवशी चिलगव्हाणचे नाव राज्यभर घेतले जाते.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले १९६० साली. ‘लाईन कापणे’ हा वाक्प्रचार त्या थोर कोशाला कसा ठाऊक असणार? आज जो कोश होईल त्याला मात्र ती सबब नाही.

“कापसाच्या गाड्यायची लाईन लागली.”

‘गाड्यायची’ म्हणजे गाड्यांची. इथे लाईन म्हणजे रांग, आणि क्रियापद ‘लागली’. लाईन लावणे आणि लाईन लागणे यांत फरक आहे. रांग लावणारा शिस्त आणतो. रांग लागते ती आपोआप, कारण एका दाराशी सगळ्यांचेच काम एकाच वेळी अडलेले असते. १९७२ पासून पुढची तीस-एक वर्षे महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे शेतकऱ्याने कापूस राज्याच्या योजनेलाच विकायचा. त्या काळात बैलगाड्यांच्या लाइनी दिवसरात्र उभ्या राहत. बैलांचा चारा आणि माणसांच्या भाकरी गाडीवरच असत. आता ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या आल्या, एकाधिकार गेला, भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे सीसीआयची, केंद्रे हमीभावाने खरेदी करतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की कापूस घेत नाहीत. त्यामुळे लाईनीत काढलेल्या रात्रीचे दव हा शेतकऱ्याच्या तोट्याचा हिशेब होतो.

त्याच हंगामापासून सीसीआयने ‘कपास किसान’ हे ॲप आणले. नोंदणी मोबाईलवर, दिवसही मोबाईलवर. लाईन त्यामुळे डोळ्यांआड झाली. आपल्यापुढे किती जण आहेत हे बैलगाडीवर बसलेला माणूस मान वर करून मोजू शकत होता.

“आठ तास कपाशी, एक तास तूर.”

या सूत्रात लाईन नाही, आणि म्हणूनच ते इथे घेतले आहे. भाष्यकाराने जे म्हटले नाही त्याचाही अर्थ सांगायचा असतो. कपाशीत तुरीचे आंतरपीक घेताना शेतकरी ओळींचा हिशेब सांगतो, पण त्यासाठी तो ‘लाईन’ म्हणत नाही, म्हणतो ‘तास’. तास म्हणजे नांगराने, तिफनीने पडलेली ओळ. वेळ मोजणारा तास वेगळा. जुन्या पद्धतीने कपाशी लावताना रानावर आडव्या-उभ्या रेघा पाडून जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे बी टोचतात, त्याला फुली म्हणतात. काकर, तास, फुली, सरी, धुरा : शेतातल्या प्रत्येक सरळ गोष्टीला नाव आहे आणि एकही नाव इंग्रजीला जागा सोडत नाही. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात. ‘सीता’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच नांगराचा तास. एवढी जुनी मुळे असलेल्या रानात नवा शब्द रुजत नाही.

माझ्या भाष्याचे मर्म मला या सूत्राने दिले. जी सरळ रेघ शेतकरी स्वतः आखतो ती तास. जी दुसरीकडून येते, जिच्या येण्याजाण्यावर त्याचा ताबा नसतो, जिच्यात त्याला उभे राहावे लागते, ती लाईन. पाईपलाईन हा या नियमाला अपवाद आहे. ती तो स्वतःच्या पैशाने टाकतो, पैनगंगेचे किंवा विहिरीचे पाणी दूरच्या तुकड्यात नेतो, आणि तरी तिला लाईनच म्हणतो. अपवाद आहे तो आहे. त्याला ओढूनताणून नियमात बसवणार नाही.

“बीपीएलमधी नाव हाये काय?”

इथे शब्द दिसत नाही, पण आहे. ‘एल’ म्हणजे लाईन. सरकारी मराठीने तिचे ‘दारिद्र्यरेषा’ केले, गावाने तीन इंग्रजी अक्षरेच ठेवली. इतर साऱ्या लाइनी बघता येतात, मोजता येतात, ही कागदावरची. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण भारतात ती माणशी महिना ८१६ रुपयांवर आखली गेली. त्याच्या वर एक रुपया खर्च करणारा माणूस गरीब नव्हे, असा त्याचा अर्थ होतो.

यवतमाळात या रेघेने एक विचित्र भाषा जन्माला घातली. २०१५ साली राज्याने मराठवाडा आणि अमरावती विभागातील जिल्हे व वर्धा अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य द्यायला सुरुवात केली; २०२३ पासून धान्याऐवजी पैसे खात्यावर द्यायचे ठरले. लाभार्थ्याचे नाव ‘एपीएल शेतकरी’. म्हणजे जो रेघेच्या वर आहे असे सरकारच म्हणते, त्यालाही जगायला धान्य पुरवावे लागते हेही सरकारच म्हणते. रेघ चुकली आहे याचा याहून स्पष्ट कबुलीजबाब मला माहीत नाही.

“रेल्वेची लाईन येऊन राह्यली.”

‘येऊन राह्यली’ हा वऱ्हाडीचा चालू वर्तमानकाळ : क्रिया सुरू आहे, पुरी झालेली नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाला हा काळ अगदी अचूक लागू पडतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड आणि मग नांदेड. यवतमाळ–मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वेची अरुंद लाईन ज्या जिल्ह्याने पाहिली, त्याला नव्या लाईनीची ओढ असणे साहजिकच आहे. ज्याचे शेत मार्गात येते त्याच्या तोंडी मात्र ‘लाईनीत जमीन गेली’ हे वाक्य येते, आणि एकच शब्द एका बांधावर आशा आणि दुसऱ्या बांधावर मोबदल्याचा दावा होतो.

नागपूरच्या सिव्हिल लाईन्स आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या पोलीस लाइनी हा छावणीचा वारसा. बराकींच्या ओळींवरून ते नाव पडले. महागावच्या बोलण्यात त्याला फारशी जागा नाही. ‘लाईन मारणे’ हा तरुणांचा प्रयोग सगळ्या महाराष्ट्राचा आहे, आणि ज्या मुलींना तो रोज बसस्टँडवर सोसावा लागतो त्यांना त्यात काही मौज वाटत नाही, एवढेच नोंदवतो.

“पोरगं लाईनीले लागलं.”

चतुर्थीचा ‘ले’, आणि ‘लागलं’ हे नपुंसकलिंगी क्रियापद, ज्यात आईबापाची माया आहे. प्रमाण मराठीत ‘मार्गी लागले’ म्हणतात. मुलाला नोकरी लागली, दुकान चालले, व्यसन सुटले, काहीही असो. तो लाईनीले लागला. दहावीनंतर ‘कोणती लाईन घेतली?’ हा प्रश्न याच अर्थाच्या घरातला : आर्ट लाईन, सायन्स लाईन, आयटीआयची लाईन.

या वाक्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. शेती करणाऱ्या मुलाबद्दल हे वाक्य क्वचितच वापरतात. जो गावाबाहेर पगारावर लागला तो लाईनीले लागला. जो चाळीस क्विंटल कापूस पिकवतो तो ‘घरीच हाये’. बोलीने हा निवाडा कोणाला विचारून केलेला नाही. पिढ्यांच्या अनुभवाने केला. तो बदलायचा असेल तर शेतीतला पैसा आणि शेतीची पत बदलावी लागेल. शब्दांना बोल लावून उपयोग नाही.

मराठीत ‘लाईन’ हा शब्द स्त्रीलिंगी नाम म्हणून, सामान्यरूप ‘लाईनी’ असे देऊन, आणि ‘शेतीचा वीजपुरवठा’ हा अर्थ पहिल्या क्रमांकावर ठेवून कोशात जावा, असे माझे कोशकारांना सांगणे आहे. ‘लाईन कापणे’ याला वेगळी नोंद हवी, आणि तिच्याखाली १९८६ हे साल. वाचकांना विनंती एवढीच की आपल्या तालुक्यात या शब्दाची जी वाक्ये बोलली जातात ती बोलीत जशी आहेत तशी, प्रत्ययांसकट, लिहून ठेवावीत.